फुल्यांची बेरीज का चुकते? ❌ हे चिन्ह टंकताना, पाठवताना आणि मोजताना येणाऱ्या अडचणी

आमच्या शाळेत दर जूनमध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांच्या कागदपत्रांची एक सामाईक यादी गूगल शीट्समध्ये तयार होते. ज्याचा दाखला जमा झाला त्याच्या नावापुढे ✅ आणि ज्याचा राहिला त्याच्या नावापुढे ❌ टाकायची, इतकाच नियम आहे. यादी तिघे भरतात: मी लॅपटॉपवरून, वर्गशिक्षिका बाई आयफोनवरून आणि लिपिक भाऊसाहेब त्यांच्या अँड्रॉइड फोनवरून. दरवर्षी डोळ्यांनी मोजलेल्या फुल्या आणि सूत्राने मोजलेल्या फुल्या यांचा मेळ बसत नसे. पहिल्या वर्षी सूत्र चुकले असे मी धरले, दुसऱ्या वर्षी भाऊसाहेब घाईत भरतात असे धरले (ते अर्थातच अन्यायाचे होते), आणि यंदा ४३ मुलांच्या यादीत डोळ्यांना १७ व सूत्राला ११ फुल्या दिसल्यावर मात्र एकेक रकाना उघडून पाहिला. ११ ठिकाणी ❌ होती, तीन ठिकाणी ✖️, दोन ठिकाणी ❎ आणि एका ठिकाणी गणितातील गुणाकाराचे × हे चिन्ह. माणसाच्या लेखी या चारही फुल्याच होत्या, पण संगणकाच्या लेखी ती चार वेगळी अक्षरे होती, जशी ‘ब’ आणि ‘व’ वेगळी आहेत.

त्यामुळे या चिन्हाची कोणतीही तक्रार आली की फोन, ॲप किंवा इंटरनेट यांना दोष देण्याआधी समोरची फुली नेमकी कोणती आहे, हे आधी ठरवावे. बहुतेक घोळ तिथेच उलगडतो.

युनिकोड या सर्वमान्य संकेतप्रणालीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. लाल रंगाच्या नेहमीच्या फुलीचा ❌ क्रमांक दशमान पद्धतीत १००६० आहे, आणि तोच संगणकाच्या षोडशमान पद्धतीत २७४सी असा लिहिला जातो. हे चिन्ह २०१० साली युनिकोडच्या ६.० या आवृत्तीत दाखल झाले. त्या आवृत्तीत जपानी मोबाइल कंपन्यांची चित्रचिन्हे मोठ्या संख्येने घेतली गेली. चौकटीतील ❎ ही फुलीही त्याच वर्षीची असून तिचा क्रमांक १००६२ आहे. जाड ✖ मात्र त्यांच्यापेक्षा जुनी आहे. ती १९९३ च्या १.१ या आवृत्तीपासून आहे, तिचा क्रमांक १०००६ आहे आणि तिचे अधिकृत नाव गुणाकाराचे जाड चिन्ह असे आहे. हाताने मारल्यासारख्या दिसणाऱ्या ✗ आणि ✘ यांचे क्रमांक १०००७ आणि १०००८ आहेत. मतपत्रिकेवरील फुली अशा अर्थाची नावे त्यांना आहेत आणि त्या इमोजी नाहीत. म्हणून फोनच्या इमोजींच्या फळीवर त्या कितीही शोधल्या तरी सापडत नाहीत. साध्या गुणाकाराच्या × चा क्रमांक २१५ आहे.

यांतील ✖ ही सर्वांत फसवी आहे, कारण तिला दोन रूपे आहेत. नुसती लिहिली तर ती साधे अक्षर म्हणून काळ्या शाईत उमटू शकते, आणि तिच्यामागे डोळ्यांना न दिसणारे एक रूपनिवडीचे चिन्ह जोडले, म्हणजे ✖️ असे लिहिले, की ती इमोजी म्हणून दिसते. हे अदृश्य चिन्ह स्वतःची एक जागा घेते. त्यामुळे रकान्यात एकच फुली दिसत असूनही अक्षरे मोजणारे सूत्र दोन असे उत्तर देते. शोधताना काही प्रोग्राम या दोन रूपांना एक मानतात आणि काही मानत नाहीत, म्हणून तीच यादी एका ठिकाणी बरोबर मोजली जाते आणि दुसऱ्या ठिकाणी चुकते. ❌ ला हा त्रास नाही, कारण ती मुळातच इमोजी म्हणून दिसावी असे ठरलेले आहे. यादीसाठी एकच फुली निवडायची असेल, तर मी ❌ निवडतो ती याच कारणाने. तिचा लाल रंग हा वरकड फायदा समजावा.

समोरची फुली कोणती हे ओळखण्याची सर्वांत खात्रीची रीत गूगल शीट्समध्ये आणि एक्सेलच्या २०१३ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये उपलब्ध आहे. शेजारच्या मोकळ्या रकान्यात = हे चिन्ह देऊन युनिकोड हे सूत्र रोमन अक्षरांत लिहावे आणि कंसात फुलीच्या रकान्याचा पत्ता द्यावा. उत्तर १००६० आले तर ती ❌, १०००६ आले तर ✖ आणि २१५ आले तर गुणाकाराचे चिन्ह. वर्डमध्ये फुलीच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट धरून एक्स दाबल्यास फुलीच्या जागी तिचा षोडशमान क्रमांक दिसतो, आणि तीच कळ पुन्हा दाबली की फुली परत येते. व्हॉट्सॲपवर इतका नेमका उपाय नाही, पण एक ढोबळ खूण आहे: ❌ एकटीच पाठवली तर ती संदेशात मोठ्या आकारात दिसते, तर ✗ किंवा × एकटी पाठवली तरी साध्या अक्षराएवढीच राहते.

जुनी यादी दुरुस्त करताना मी शोधा-आणि-बदला ही सोय वापरली आणि त्यात एक चूक केली, ती इथे सांगून ठेवतो. शोधण्याच्या चौकटीत नुसती ✖ टाकून तिच्या जागी ❌ बसवली, तर मागचे अदृश्य चिन्ह जागेवरच राहू शकते आणि नवी फुली दिसायला निर्दोष असली तरी आत दोन अक्षरांचीच राहते. म्हणून बदलायची फुली त्या रकान्यातूनच नक्कल करून शोधाच्या चौकटीत चिकटवावी आणि बदल झाल्यावर अक्षरे मोजून पाहावीत. शिवाय बदल करताना केवळ तोच स्तंभ निवडलेला असावा. संपूर्ण पानावर × बदलल्यास ‘खोली २० × १५ फूट’ अशा नोंदीतही लाल फुली जाऊन बसेल.

पुढच्या वर्षी हा प्रकार होऊच नये यासाठी आम्ही त्या स्तंभाला डेटा व्हॅलिडेशनची यादी लावली आणि तीत फक्त ✅ व ❌ ही दोनच चिन्हे ठेवली. आता भरणाऱ्याला काहीही टंकावे लागत नाही, दोहोंपैकी एक निवडावे लागते. भाऊसाहेबांचे म्हणणे असे की ही सोय पहिल्या वर्षीच करता आली असती, आणि ते खरे आहे.

आता टंकण्याविषयी. फोनवर फारसे सांगण्यासारखे नाही. इमोजींच्या फळीवर चिन्हांचा विभाग बहुधा ध्वजांच्या अलीकडे, शेवटून दुसरा असतो; त्यात ❌ आणि ❎ दोन्ही असतात आणि घाईत बोट चुकते ते इथेच. शोधाची चौकट असल्यास रोमन लिपीत क्रॉस हा शब्द टाकावा. आयफोनवर ही चौकट २०२० च्या आयओएस १४ पासून आहे. रोज फुली लागत असेल तर आयफोनच्या सेटिंग्जमध्ये जनरल, त्यात कीबोर्ड आणि त्यात टेक्स्ट रिप्लेसमेंट येथे, तर अँड्रॉइडवर जीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात एक संक्षेप नोंदवून ठेवावा. संक्षेप म्हणून ‘फुली’ हा पूर्ण शब्द देऊ नये, कारण मग ‘फुली मारली’ असे वाक्य लिहितानाही चिन्ह पुढे येईल. आम्ही ‘फफ’ ठेवला आहे, जो मराठीत एरवी कुठेच येत नाही.

विंडोजवर विंडोजची कळ धरून पूर्णविराम दाबल्यास इमोजींची चौकट उघडते. ही सोय २०१७ मध्ये विंडोज १० च्या एका सुधारित आवृत्तीबरोबर आली, त्यामुळे विंडोज ७ वर चालणाऱ्या जुन्या संगणकावर ती शोधण्यात अर्थ नाही. विंडोज १० किंवा ११ असूनही चौकट उघडत नसेल, तर टंकलेखनाची भाषा सांभाळणारा सीटीएफमॉन नावाचा छोटा प्रोग्राम बंद पडलेला असण्याची शक्यता मोठी असते. विंडोज आणि आर या कळांनी रनची खिडकी उघडून त्याचे नाव रोमन अक्षरांत लिहिले व एंटर दाबले की तो पुन्हा सुरू होतो. चौकट उघडते पण शोध लागत नाही, अशी तक्रार मराठी कीबोर्डवर असलेल्यांकडून येते. तेव्हा भाषा तात्पुरती इंग्रजी करावी किंवा शोधाच्या नादी न लागता चिन्हांचा विभाग उघडावा.

क्रमांक देऊन फुली उमटवण्याचा मार्ग जुन्या लोकांना प्रिय आहे, आणि त्यात दोन खड्डे आहेत. वर्डमध्ये २७४सी हा क्रमांक रोमन आकडे व रोमन सी वापरून लिहावा आणि लगेच ऑल्ट व एक्स दाबावे. कीबोर्ड मराठी इन्स्क्रिप्टवर राहिला असेल तर सीच्या कळीवर ‘म’ उमटतो आणि वर्डला त्यातून काहीच बोध होत नाही. दुसरा मार्ग ऑल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांच्या फळीवर १००६० दाबण्याचा. हा वर्डमध्ये चालतो, पण अनेक प्रोग्राममध्ये फुलीऐवजी रोमन कॅपिटल एल उमटते आणि माणूस बुचकळ्यात पडतो. कारण असे की हे प्रोग्राम २५५ च्या पुढचा क्रमांक जसाच्या तसा घेत नाहीत, त्याला २५६ ने भागून उरलेली बाकी तेवढी घेतात; १००६० ला २५६ ने भागल्यास बाकी ७६ उरते आणि ७६ हा एलचा क्रमांक आहे. म्हणजे यादीत मधूनच बेवारशी एल दिसली, तर कोणीतरी फुली मारण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला होता असे समजावे.

मॅकवर कंट्रोल, कमांड आणि स्पेस या तीन कळा एकत्र दाबल्या की चिन्हांची खिडकी येते. लिनक्सवर बऱ्याच ठिकाणी कंट्रोल, शिफ्ट आणि यू दाबून, मग षोडशमान क्रमांक लिहून एंटर दाबल्यास काम होते. क्रोमबुकवर शोधाची किंवा लाँचरची कळ, शिफ्ट आणि स्पेस असा क्रम आहे. आणि काहीच जमले नाही, तर व्हॉट्सॲपवरील जुन्या संदेशातून फुली नक्कल करून चिकटवण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. फक्त ती कोणत्या जातीची आहे ते एकदा पाहून घ्यावे.

फुली टंकली, पाठवली, पण समोर भलतेच दिसले, या तक्रारीचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. मराठी मजकूर जवळपास असेल तर तपासणी सोपी होते, कारण देवनागरी अक्षरे हीच आपली कसोटी ठरतात.

मुलांची नावे नीट दिसत आहेत आणि फक्त फुलीच्या जागी रिकामा चौकोन आहे, तर माहिती शाबूत असून त्या उपकरणाच्या फॉन्टमध्ये तेवढे चित्र नाही असा त्याचा अर्थ होतो. हे आता फोनवर क्वचित घडते, पण साध्या कळांच्या फोनवर आणि काही सॉफ्टवेअरनी बनवलेल्या पीडीएफमध्ये हमखास दिसते. पीडीएफसाठी मी इमोजीचा आग्रह सोडतो आणि साधे × वापरतो, कारण ते जवळजवळ प्रत्येक रोमन फॉन्टमध्ये असते.

नावे आणि फुल्या दोन्ही बिघडून त्यांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, त्याला लागून येनचे किंवा गोलसर चलनचिन्ह, पुन्हा तोच ए, अशी माळ दिसत असेल, तर फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडची अक्षरे साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, लिहिलेली आहे आणि वाचणाऱ्याने ती जुन्या पाश्चात्त्य संकेतात वाचली आहे. देवनागरीचे प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि पहिला बाइट नेहमी तोच असतो, म्हणून तो ए पुन्हा पुन्हा दिसतो. ❌ सुद्धा तीनच बाइटची आहे. तिच्या जागी टोपी घातलेला ए आणि त्यामागे ओ व ई यांचे जोडाक्षर दिसते. सीएसव्ही फाइलवर (म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलवर) दोनदा टिचकी मारून ती थेट एक्सेलमध्ये उघडली की बहुतेक वेळा हे घडते. फाइल न साठवता बंद करावी, कोरे पान उघडून डेटा या टॅबमधून मजकूर किंवा सीएसव्ही आयात करण्याचा पर्याय घ्यावा आणि संकेत म्हणून ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडावा. सगळे जागच्या जागी परत येते.

तिसरा प्रकार प्रश्नचिन्हांचा. नावांच्या आणि फुल्यांच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे आली, तर फाइल साठवतानाच माहिती पुसली गेलेली आहे. एक्सेलमधून साध्या सीएसव्ही पर्यायाने साठवल्यास, ज्या अक्षरांना जुन्या संकेतात जागा नाही ती सगळी प्रश्नचिन्हे होतात आणि मूळ प्रत नसेल तर ती कोणत्याही युक्तीने परत येत नाहीत. त्याच यादीत यूटीएफ-८ असे स्पष्ट नाव असलेला सीएसव्हीचा वेगळा पर्याय असतो, तोच निवडावा.

जाता जाता एक निरीक्षण. काही संकेतस्थळांच्या अर्जांत मराठी मजकूर आणि ❌ व्यवस्थित साठवले जातात, पण 😀 टाकला की मजकूर तिथूनच तुटतो किंवा अर्ज स्वीकारलाच जात नाही. माहिती साठवणाऱ्या मायएसक्यूएल या प्रणालीचा यूटीएफ-८ नावाचा जुना प्रकार एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरी आणि ❌ त्यात मावतात, हसऱ्या चेहऱ्याला चार लागतात. या हिशेबात लाल फुली इतर इमोजींपेक्षा आपल्या बाराखडीच्या अधिक जवळची आहे.

महाराष्ट्रातील डीटीपीच्या दुकानांत आणि जुन्या कार्यालयीन फाइलींत आणखी एक जुनाट प्रश्न भेटतो. युनिकोड रुळण्याआधी फुली आणि बरोबरची खूण विंगडिंग्ज या फॉन्टमधून आणली जात असे. त्या फॉन्टमध्ये फुलीचे चित्र डोक्यावर टोपी असलेल्या रोमन यूच्या जागी बसवलेले आहे आणि बरोबरची खूण दोन टिंबे असलेल्या यूच्या जागी. विंगडिंग्ज २ मध्ये फुली कॅपिटल ओच्या जागी आणि खूण पीच्या जागी आहे. फाइल उघडल्यावर सगळे ठीक दिसते, पण तो तक्ता नक्कल करून व्हॉट्सॲपवर टाकला की फॉन्ट गळून पडतो आणि फुल्यांच्या जागी नुसते यू, ओ आणि पी उरतात. इथे आत फुली कधी नव्हतीच, फक्त फुलीचा मुखवटा होता. उपाय एकच: वर्डमध्ये त्या फॉन्टमधील ते अक्षर शोधून त्याच्या जागी खरी ❌ बसवावी. पेजमेकरमध्ये केलेल्या मजकुराला हा उपायही लागू पडत नाही, कारण त्या प्रोग्रामला युनिकोडच कळत नाही. तेथे विंगडिंग्जचीच फुली ठेवावी आणि पाठवताना पीडीएफ पाठवावी.

फुली नीट उमटूनही वाचणाऱ्याचा गैरसमज होतो, ही तक्रार तांत्रिक नसली तरी वारंवार येते. तिचे मूळ बहुतेक वेळा ❎ मध्ये असते. ही फुली बहुतेक फोनवर हिरव्या चौकटीत दिसते, आणि हिरवे दिसले की पालक दाखला जमा झाला असे समजतात. कृष्णधवल छपाईत तर ✅ आणि ❎ दोन्ही राखाडी चौकोन होतात. ❌ ला चौकट नसल्यामुळे ती रंग गेला तरी आकारावरून ओळखू येते, आणि लाल-हिरवा भेद न कळणाऱ्या वाचकालाही ती समजते. जपानमध्ये शिक्षक बरोबर उत्तराला गोल आणि चुकीच्या उत्तराला फुली करतात, म्हणून तिथे ⭕ आणि ❌ ही जोडी आहे. आपल्याकडे ती जोडी फुलीगोळ्याच्या खेळापुरती राहिली. उलट मतपत्रिकेवर फुलीचा शिक्का मारणे म्हणजे त्या उमेदवाराला मत देणे, त्यामुळे आमच्या एका आजोबांनी नातवाच्या नावापुढची ❌ पाहून त्याची निवड झाली असा अर्थ घेतला होता. त्यांना चूक कसे म्हणावे, हे मला सुचले नाही. तेव्हापासून यादीच्या माथ्यावर ‘❌ म्हणजे दाखला बाकी’ असे शब्दांत लिहिलेले असते. ज्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो त्या दृष्टिहीन पालकांसाठी तर आम्ही चिन्हाशेजारी ‘बाकी’ हा शब्दच ठेवतो, कारण प्रत्येक ओळीला चिन्हाचे लांबलचक नाव ऐकणे कंटाळवाणे होते.

राहता राहिला एसएमएस, कारण काही पालकांपर्यंत आजही तोच पोहोचतो. इंग्रजीतील साधा एसएमएस १६० अक्षरांचा असतो, पण त्यात एक जरी ❌ आली तरी संपूर्ण संदेशाची मर्यादा ७० अक्षरांवर येते, आणि १०० अक्षरांचा संदेश दोन भागांत जाऊन दोनचे पैसे लागतात. मराठी संदेशाला ७० चीच मर्यादा आधीपासून असते. तिथे ❌ टाकली तर फक्त एका अक्षराची जागा जाते.